सुशीलेचा लगाम

किस्से तबेल्यातल्या लिदीसारखे असतात. सकाळी साफ करावेत, संध्याकाळी तितकेच साचलेले. आमच्या जळगावातल्या पिंप्राळ्याच्या मंडळीत तर घोडी एक आणि शहाणे चार. साचणारच.

चौघे कोण ते आधी सांगतो.

घोडीचा मालक नाना. मूळचा धुळ्याकडचा. पिंप्राळ्याच्या कडेला घर, मागे तबेला. अडचणीत सापडला की त्याच्या तोंडून एकच वाक्य निघतं, "बठ्ठं ठीक शे." बठ्ठं म्हणजे सगळं, शे म्हणजे आहे. हे वाक्य कानावर आलं की आम्ही हातातलं काम टाकून धावतो.

दुसरे झुंबरशेठ. कापडाचं दुकान. आजोबा मारवाडातून आले, येताना घोड्यांचं वेड घेऊन आले. शेठाणी दारात घोडा बांधू देत नाहीत, म्हणून शेठ नानाच्या घोडीवर हौस भागवतात.

तिसरे सोनवणे भाऊ. वरणगावच्या कारखान्यात लेथ मशीनवर आयुष्य गेलं. रिटायर झाले आणि पिंप्राळ्यात मुलाकडे राहायला आले. लोखंड दिसलं की भाऊ आधी त्याचं माप घेतात, मग नमस्कार करतात.

चौथा मी. मला आबा म्हणतात. शाळा चौथीपर्यंत. त्यानंतर वडिलांचा टांगा आणि टांग्यानंतर लोकांच्या घोड्या. माझ्याकडे लगामांची एक पेटी आहे. लोक लगाम म्हणजे हातातली दोरी समजतात. ती वागदोर. लगाम म्हणजे घोड्याच्या तोंडात जातं ते लोखंड. तो चुकला की घोडा चुकला. हे मला कोणी शिकवायची गरज नाही.

आणि घोडी सुशीला. तांबूस रंग, कपाळावर चांदणी, पायात रेवाल चाल. रेवाल म्हणजे अशी चाल की वरचा माणूस पाण्याचा पेला हातात धरून बसला तरी थेंब सांडू नये. मैदानात स्पर्धा त्याचीच असते. एक फेरी, हातात भरलेला पेला. परत येताना ज्याचं पाणी जास्त, तो जिंकला.

घरी सुशीला गाय आहे. मैदानात लाऊडस्पीकर लागला की तिच्या अंगात वारं शिरतं.

नाव सुशीलाच का? नानाच्या बायकोच्या, म्हणजे अक्काच्या, थोरल्या बहिणीचं नाव सुशीला. नानाने ते मुद्दाम दिलं की सहज, हे विचारायची हिंमत अजून कोणाला झालेली नाही.

*

भांडणाचं मूळ बिबड्या.

अक्का बोदवडची. ज्वारीच्या बिबड्या, म्हणजे पापडासारखं वाळवण, करण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. मागच्या उन्हाळ्यात तिने अंगणात बाजेवर फडकं अंथरून बिबड्या वाळत घातल्या आणि लग्नाला निघून गेली. सुशीलेने दावं सोडवून घेतलं. कसं, ते तिलाच ठाऊक. एका टोकाने सुरुवात केली आणि दुसऱ्या टोकाला संपवलं. मधे एकही सोडली नाही. फडक्याला चुणीसुद्धा पडली नव्हती.

अक्का परत आली. बाजेकडे बघितलं. सुशीलेकडे बघितलं. सुशीला मिशा चाटत होती.

नाना म्हणाला, "तिने सगळ्या खाल्ल्या, म्हणजे चांगल्याच झाल्या असतील."

माणसाने कधी गप्प बसावं हे नानाला कळत नाही.

त्यानंतर अक्का घोडीशी बोलेना. दिवाळीनंतर स्पर्धांचा मोसम सुरू झाला तेव्हा तिने आम्हा चौघांना ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि निकाल सांगितला.

"शहाद्याचा व्यापारी घोडी मागतोय. वरातीच्या कामाला पार मध्य प्रदेशात पाठवणार आहे. होळीपर्यंत एकदा, फक्त एकदा, पाण्याचा भरलेला पेला मैदानातून माझ्यासमोर आणा. घोडी राहील. नाही आणला, तर मी त्याला होय सांगते."

"आणि आणला तर तू तिच्याशी बोलशील?" नानाने विचारलं.

"पेला आणा आधी."

नाना हसला. "बठ्ठं ठीक शे."

आम्ही तिघांनी चहा खाली ठेवला.

*

पहिली स्पर्धा पारोळ्याला. लगाम माझा. साधा, मधे एक जोड असलेला. तापट घोड्याच्या तोंडात कमीत कमी लोखंड द्यावं, हे माझं मत. आजही तेच आहे.

पंच म्हणून एक रिटायर गुरांचे डॉक्टर होते. आमच्याकडच्या निम्म्या मैदानांवर तेच असतात. पांढरा सदरा, पांढरी पँट. आम्ही त्यांना साहेब म्हणतो.

सुशीला अर्धी फेरी अशी चालली की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मग कोणीतरी माईकवर "हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग" म्हणालं.

पेल्यातलं पाणी साहेबांच्या सदऱ्यावर आलं. घोडी दोरीखालून नव्हे, दोरीवरून गेली. मैदानाबाहेर, रस्त्याला, धुळ्याच्या दिशेने. आम्ही शेठच्या गाडीतून मागे. बऱ्याच अंतरावर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ होतं, तिथे घुंगरू वाजत होते. सुशीला तिथे थांबलेली. घुंगरू ऐकत होती. वर नाना तसाच बसलेला, रिकामा पेला पुढे धरून.

रसवाल्याला वाटलं, गिऱ्हाईक. त्याने पेला भरून दिला.

नाना तो पेला घेऊन मैदानात परत आला. काठोकाठ. साहेब सदरा पिळत उभे होते.

"साहेब, चाल कशी होती?"

"चाल उत्तम," साहेब म्हणाले. "पण ती दुसऱ्या तालुक्यात झाली."

घरी नानाने पेला अक्कासमोर धरला. "भरलेला शे."

अक्काने वास घेतला. "मी पाणी म्हणाले होते. आणि ह्यात आलं जास्त आहे."

लगाम माझा होता. दोष लगामाचा नव्हता. हे मी तेव्हाही सांगितलं.

*

एरंडोलच्या मैदानाला झुंबरशेठने परदेशी लगाम मागवला. फोनवर. मधल्या लोखंडावर तांब्याच्या फिरक्या. घोडा जिभेने त्या फिरवत बसतो, त्याचं मन रमतं, डोकं शांत होतं, असं शेठने आम्हाला व्हिडिओ दाखवून समजावलं. व्हिडिओतला घोडा खरंच साधूसारखा चालत होता.

"आबा, दुनिया कुठे गेली आणि तुम्ही पेटी उघडून बसलात," शेठ म्हणाले.

मी पेटी बंद केली.

सुशीलेचं मन रमलं. इतकं रमलं की मैदानात शिरल्यावर ती जागेवर उभी राहिली आणि फिरक्या फिरवत बसली. किर्र, किर्र. डोळे अर्धे मिटलेले. लाऊडस्पीकर ओरडला, बँड वाजला, शेजारून दोन घोडे गेले. किर्र, किर्र. नानाने टाच मारली. तिने फिरकीची दिशा बदलली.

साहेबांनी बराच वेळ वाट बघितली. या वेळी ते खांद्यावर टॉवेल टाकून आले होते.

"नाना, ही काय करते आहे?"

"पान खाते आहे, साहेब."

"मग पिंक टाकायच्या आत बाहेर न्या."

साहेबांचं बोलणं संपायला आणि सुशीलेने मान झटकायला एकच गाठ पडली. फेस साहेबांच्या अंगावर, पाणी नानाच्या. टॉवेल पुरला नाही.

शेठने लगाम धुऊन, पुसून, डब्यात घालून कंपनीला परत पाठवला. कंपनीने फोनवर विचारलं, वस्तू कशी वाटली, तारे द्या. शेठ व्यवहाराला चोख माणूस. त्यांनी चार दिले. खाली लिहिलं, "घोडीला फार आवडला. एक तारा कापला, कारण कुरिअरवाला उद्धट होता."

*

मधे एक वरात झाली. पिंप्राळ्यातलीच.

सुशीलेला गोंगाटाची सवय व्हावी म्हणून ही कल्पना भाऊंची. स्पर्धेत ती आवाजाला बिथरते, तर आवाज पोटभर द्यावा. लगाम पुन्हा माझा, या वेळी वर मऊ चामडं शिवलेला.

नवरदेव बँकेत नोकरीला. घोड्यावर पहिल्यांदा बसत होता. मी त्याच्या हातात वागदोर दिली आणि सांगितलं, "ओढू नको. सोडू नको." तो म्हणाला, "हो काका."

बँडवाल्यांनी पहिला ठोका दिला. सुशीला निघाली. तिच्यामागे नाना, नानामागे आम्ही. बँड, नाचणारी पोरं, मामा, मावश्या, सगळे चौकातच राहिले. मंगल कार्यालयाच्या दारात सुशीला एकटी पोहोचली आणि दिव्यांची कमान बघून थांबली. वर नवरदेव.

मुलीची आई ओवाळायला आली. तिने मागे बघितलं. रस्ता रिकामा.

"बाकीचे कुठे आहेत?"

नवरदेव धापा टाकत म्हणाला, "येतील. मी पुढे आलो."

मुलीकडच्या बायका एकमेकींकडे बघून हसल्या. एक म्हातारी म्हणाली, "जावई हौशी आहे हो."

त्या घरात आजही त्या मुलाला फार मान आहे. लग्नानंतर त्याने नानाला मिठाईचा डबा पाठवला.

आता लगामाबद्दल. नवरदेवाने दोन्ही हातांनी फेटा धरला होता. वागदोर घोडीच्या मानेवर मोकळी पडली होती. वागदोर कोणी धरलीच नाही, तर लगाम काय करणार? दोष लगामाचा नव्हता.

*

मग भाऊंनी मनावर घेतलं.

"तुम्ही सगळे अंदाजाने चालता," ते म्हणाले. "मापाने काम करा."

त्यांनी सुशीलेच्या तोंडाचं माप घ्यायला कारखान्यातल्या सवयीने व्हर्नियर आणला. चकचकीत, मखमली डबीतला. सुशीलेने तोंड उघडून दिलं. भाऊ आकडा वाचायला वाकले. तिने तोंड मिटलं. भाऊंच्या हातात डबी उरली.

व्हर्नियर दुसऱ्या दिवशी पेंडीच्या टोपल्यात सापडला. वाकलेला. भाऊंनी तो उजेडात धरून बघितला आणि म्हणाले, "दाताचं माप मिळालं."

पुढे त्यांनी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन स्वतः लगाम बनवला. स्टीलचा, आरशासारखा, दोन्ही बाजूंना लांब दांड्या. दांडी लांब असली की वागदोर जराशी ओढली तरी तोंडात जोर मोठा लागतो. मी म्हणालो, "भाऊ, दांड्या लांब झाल्या." भाऊ म्हणाले, "आबा, हे गणित आहे." गणिताशी मी वाद घालत नाही.

धुळ्याला प्रदर्शनात नाना चढला. फेरी सुरू झाली. नानाने सवयीने वागदोर किंचित मागे घेतली.

सुशीला मागे निघाली.

बिथरली नाही, उधळली नाही. शांतपणे मागे. नाना घाबरून आणखी ओढायचा, ती आणखी ऐटीत मागे जायची. सगळे घोडे उजवीकडून निघाले होते. सुशीला डावीकडून, पाठमोरी, त्यांच्यासमोरून गेली. लोक उभे राहिले. कोणी टाळ्या वाजवल्या. आणि खरं सांगायचं तर पेल्यातलं पाणी हललंसुद्धा नाही.

"गिअर बघा किती अलगद पडला," भाऊ माझ्या कानाशी म्हणाले.

अक्का त्या दिवशी आली होती. मी तिच्याकडे बघितलं. ती खुर्चीच्या काठावर आली होती.

साहेब या खेपेला छत्री घेऊन आले होते. ऊन होतं, तरी. त्यांनी छत्री मिटली आणि वाट बघत राहिले. फेरी पुरी व्हायला थोडंच अंतर राहिलं. मागे स्टेज होतं. स्टेजसमोर सोफा, सोफ्यावर प्रमुख पाहुणे, मांडीवर नारळ. सुशीलेला मागे डोळे नाहीत.

सोफा हलला. पाहुणे हलले. पेला उलटला आणि पाणी बरोबर नारळावर पडलं.

"बठ्ठं ठीक शे," नाना वरून पाहुण्यांना म्हणाला.

साहेबांनी वहीत काही लिहिलं नाही. फक्त म्हणाले, "पुढून आणली असती तर पहिला नंबर होता."

अक्का उठली आणि बसस्टँडकडे चालू लागली. तिचा पदर तोंडाला होता. रागाने की हसण्याने, ते कळलं नाही.

*

होळी जवळ आली तसा नाना खचला. खचलेला माणूस काटेरी लगामाकडे बघतो.

तसले लगाम विकणारा एक जण जत्रेत बसला होता. लोखंडाला खिळ्यासारखे दात काढलेले. असे लगाम मी हातात धरत नाही. विकणारा म्हणाला, "काका, कसलाही घोडा असू द्या, एकदा हा तोंडात गेला की बकरी होतो."

मी म्हणालो, "आधी तू तोंडात धर."

तो हसला. मी हसलो नाही. त्याने हसणं आवरलं.

नाना मधे पडला. "आबा, घोडी जाते आहे माझी. बघू तर दे." आणि खरंच बघायला म्हणून त्याने तो लगाम स्वतःच्या दातांत धरला. किती टोचतो ते कळावं म्हणून. धरला तो धरलाच. जिभेला काटा लागला असावा. त्याला तोंड उघडता येईना, मिटता येईना.

तेवढ्यात मागून अक्का आली. तिला हे काही माहीत नव्हतं. तिने विचारलं, "अहो, घरी कधी निघायचं?" नाना गप्प. "मोटारीचं फ्यूज बदललं का?" गप्प. "माझ्या भावाला फोन केला का?" नाना डोळे मोठे करून फक्त मान हलवतो.

अक्का पुढे आली. त्याच्या तोंडाकडे बघितलं. मग विकणाऱ्याकडे वळली.

"घोडीला नको," ती म्हणाली. "पण एक बांधून द्या."

लगाम मी सोडवला. जिथून घेतला होता तिथे टाकून दिला. नाना नंतर म्हणाला, "आबा, तू बरोबर होतास." मी बरोबर असतोच. पण त्या दिवशी मला ते ऐकून बरं वाटलं नाही. कारण पुढे तो म्हणाला, "तिच्या तोंडात हे घालण्यापेक्षा तिला जाऊ दे."

दुसऱ्या आठवड्यात शहाद्याचा व्यापारी घोडी बघायला आला. अक्काने त्याला चहा दिला. नाना बाहेर आलाच नाही. तबेल्यात उभा राहून सुशीलेची आयाळ विंचरत होता. विंचरलेलीच पुन्हा विंचरत होता. हळू आवाजात तिला सांगत होता, "बठ्ठं ठीक शे."

अक्का चहाची कपबशी घेऊन तबेल्याच्या दारापर्यंत आली होती. तिने ते ऐकलं. आत न जाता परत फिरली.

*

शेवटची स्पर्धा जळगावलाच होती. होळीच्या आधीची.

त्या सकाळी आम्ही तिघेही आपापला लगाम घेऊन हजर. माझा चामडं शिवलेला. शेठचा नवा, रबराचा, कुठून तरी मागवलेला. भाऊंचा स्टीलचाच, पण दांड्या कापून आखूड केलेला.

आमच्यात एक रीत आहे. लगाम ज्याचा, त्यानेच तो घोड्याला चढवायचा. स्वार हात लावत नाही. स्वाराचा हात लागला तर फेरी बिघडते, असं जुने लोक मानायचे. आम्हीही मानतो.

"आज माझा," मी म्हणालो. "तोंड मला कळतं."

"तोंड कळून घोडी धुळ्याच्या रस्त्याला लागली होती," भाऊ म्हणाले.

"ती पुढे तरी गेली. तुमची मागे गेली."

"आबा, भाऊ, भांडू नका," शेठ म्हणाले. "रबर लावू. नरम आहे."

"तुमच्या रबराची जाहिरात बघितली का तिने?" भाऊ म्हणाले.

शेठ दुखावले. "ठीक आहे. लावा मग आबांचाच. मी चाललो." आणि लगाम खिशात घालून निघाले.

भाऊंना शेठचा टोमणा लागला. "हो, लावा आबांचा. आबांना सगळं कळतं." तेही निघाले.

मी कोणाचं उसनं मोठेपण घेत नाही. "मला नको तुमची मेहेरबानी," मी म्हणालो. "भाऊंचाच लावा." पेटी उचलली आणि उलट्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

नाना त्या वेळी नळावर पेला भरत होता.

त्याचं नाव पुकारलं. तो धावत आला. सुशीलेच्या तोंडावर स्पर्धेची सजवलेली म्होरकी, म्हणजे पट्ट्यांचा साज, त्यावर गोंडे, झालर, आरसे. वागदोर म्होरकीच्या कड्यांत आधीच ओवून ठेवलेली. लगाम चढवला की ती काढून लगामाच्या कड्यांत घालायची असते. नानाने बघितलं, आम्ही कोणी जवळ नाही. म्हणजे काम झालं. तो चढला.

मला लांबून वाटलं, भाऊंचा लगाम आहे. भाऊंना वाटलं, माझा आहे. शेठला काय वाटायचं ते वाटो.

फेरी सुरू झाली. नानाच्या एका हातात पेला. दुसऱ्या हातात वागदोर, ढिली. धुळ्यानंतर ती ओढायची त्याची हिंमत नव्हती.

सुशीला चालली. बँड वाजला, ती चालली. लाऊडस्पीकरवर कोणाची तरी हरवलेली चप्पल पुकारली, ती चालली. शेजारचा घोडा उधळला, तिने एक कान फिरवला आणि चालली. मान उंच, पाठ सपाट. पाऊल असं पडत होतं जसं कोणी ताटात फुलं ठेवावीत. माझ्या शेजारी येऊन उभे राहिलेले शेठ पुटपुटले, "वा, आबा. तुमचा लगाम."

"माझा नाही. भाऊंचा," मी म्हणालो. मला ते बोलताना त्रास झाला.

"माझा कुठला?" भाऊ मागून म्हणाले. "माझा हा काय, पिशवीत."

आम्ही तिघांनी एकमेकांचे लगाम बघितले. तीन होते.

"मग तिच्या तोंडात काय आहे?" शेठ म्हणाले.

ओरडून सांगावं तर नाना घाबरणार. नाना घाबरला तर पेला गेला. आम्ही तिघे श्वास धरून उभे. दोरीच्या बाहेरून अक्का घोडीच्या बरोबरीने चालत होती. अंगावर शाल, एक हात शालीच्या आत. मला वाटलं, सांडलेलं पाणी मोजायला निघाली असेल.

फेरी पुरी झाली. सुशीला दोरीपाशी थांबली, मान दोरीवरून बाहेर काढली आणि लगेच आत घेतली. नाना वर पुतळ्यासारखा बसलेला. पेला काठोकाठ.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब आले. आज त्यांनी रेनकोट घातला होता. त्यांनी पेल्यात वाकून बघितलं, मग आमच्याकडे बघितलं.

"कोणता लगाम लावला हो हिला? मला बघायचा आहे." त्यांनी झालर बाजूला केली आणि घोडीचं तोंड उघडलं.

आत लोखंड नव्हतं. कुडुम कुडुम असा आवाज मात्र येत होता.

"नाना, ही काय खाते आहे?"

नानाला काहीच माहीत नव्हतं. तो सवयीने म्हणाला, "पान, साहेब."

साहेबांनी तिच्या ओठावरचा तुकडा दोन बोटांनी उचलला. पातळ, पिवळसर. वास घेतला. "ज्वारी. जिरं. लसूण." मग रेनकोटची बटणं काढत म्हणाले, "नाना, बिनलगामाची घोडी स्पर्धेत धरत नाहीत. बाद आहे."

नानाचा चेहरा पडला. त्याने पेला हातात तसाच धरून अक्काकडे बघितलं. आम्ही सगळ्यांनीच अक्काकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघता?" अक्का म्हणाली. "मी पेल्याचं बोलले होते. नंबराचं नव्हे."

ती दोरीखालून आत आली. नानाच्या हातातून पेला घेतला. आत बघितलं. मग तो सुशीलेच्या तोंडापाशी धरला.

"पी," ती म्हणाली. "बिबडी खारट असते."